चेंगदूत तीन दिवस: जेवायचे कुठे आणि केव्हा

चीनच्या नैर्ऋत्य भागातील सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगदूला युनेस्कोने २०१० मध्ये पाककलेचे शहर म्हणून मान दिला आणि असा मान मिळवणारे ते आशियातील पहिले शहर ठरले. अशा ठिकाणी जेमतेम तीन दिवस हाताशी असताना नामांकित उपाहारगृहांची यादी काढून एकामागून एक पालथी घालायची म्हटले, तर निम्मा वेळ मेट्रोतच जाईल. त्यापेक्षा दिवसाच्या कोणत्या वेळी आपण शहराच्या कोणत्या भागात असणार, हे आधी ठरवावे आणि जेवण त्याला जोडून घ्यावे.

पांडा पाहायला जायचे तर सकाळी लवकर निघावे लागते, कारण ते प्राणी सकाळच्या खाण्याच्या वेळीच जागे आणि हालते असतात. एकदा पोट भरले की झोपतात. पांडांचे संशोधन केंद्र शहराच्या ईशान्येला आहे. तेथून परतताना दुपारच्या जेवणासाठी वेन्शू विहार सोयीचा पडतो. विहाराच्या आवारातील भोजनालयात संपूर्ण शाकाहारी जेवण मिळते आणि बौद्ध परंपरेनुसार त्यात कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यालाही तेथे निर्धास्त बसता येते. सोया आणि अळंबी वापरून मांसाच्या पदार्थांची इतकी हुबेहूब नक्कल केलेली असते की नवखा शाकाहारी पाहुणा ताट पाहून क्षणभर दचकतो.

विहाराबाहेर मात्र शाकाहारी माणसाने सावध राहिलेले बरे. चेंगदूची ओळख बनलेला मापो तोफू (तोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर) नावावरून निरुपद्रवी वाटतो. पण १८६२ पासून चालत आलेल्या त्याच्या मूळ पद्धतीत गोमांसाचा खिमा असतो आणि अनेक ठिकाणी त्याऐवजी डुकराचे मांस घालतात. नूडल्सवरही खिम्याची चिमूट पडतेच. म्हणून आपण काय खात नाही, हे चिनी भाषेत एका चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि ऑर्डर देण्याआधीच दाखवावे. ‘मांस नको’ एवढेच लिहून भागत नाही. खिमा, हाडांचा रस्सा आणि चरबी यांचा स्वतंत्र उल्लेख हवा.

मापो तोफूचा वाडगा समोर येतो, तेव्हा लालभडक तेलाखाली तोफूचे पांढरे चौकोन अजून थरथरत असतात आणि वर तपकिरी पूड भुरभुरलेली असते. ही पूड सिचुआनी मिऱ्याची. कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या कालवणात पडणारे तिरफळ याच मिऱ्याचे सख्खे भाईबंद आहे, त्यामुळे ओठांना येणाऱ्या मुंग्या तिकडच्या माणसाला सर्वस्वी परक्या वाटणार नाहीत. फरक आहे तो प्रमाणाचा, आणि तो चांगलाच जाणवतो.

दुपारनंतर पीपल्स पार्कमधील जुन्या हेमिंग चहागृहात बसावे. झाकणाच्या कपातला चहा एकदा घेतला की त्यावर गरम पाणी पुन्हा पुन्हा मिळते आणि कुणी उठवायला येत नाही. तेथून क्वानझाई गल्ल्या पायी गाठता येतात. तेथे फेरफटका जरूर मारावा, पण भरपेट जेवण्यासाठी ती जागा नव्हे. तेथील दर आणि चव दोन्ही पर्यटकांच्या हिशेबाने ठरलेले असतात. जेवायला दक्षिणेकडच्या युलिन वस्तीत जावे. तेथील छोट्या, कळकट खानावळींना स्थानिक लोक गमतीने ‘माशांची हॉटेले’ म्हणतात, येथे माशा म्हणजे घोंगावणाऱ्या, आणि तरीही आवर्जून तेथेच जेवतात. दुपारी अशा ठिकाणी बाराच्या आत पोहोचावे. दीड-दोननंतर गेल्यास चूल विझलेली आढळण्याचा संभव असतो.

हॉटपॉट, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात पदार्थ शिजवून खाण्याचा प्रकार, पहिल्या रात्री घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रवासाने शिणलेल्या पोटाला तो झेपत नाही. दुसऱ्या संध्याकाळी घ्यावा. पारंपरिक लाल रस्सा गाईच्या चरबीत शिजतो. काही ठिकाणी या चरबीची घट्ट वडी टेबलावरच, आपल्या डोळ्यांदेखत विरघळते. वनस्पती तेलातला रस्साही अनेक ठिकाणी मिळतो, तो मागून घ्यावा. दोन कप्प्यांच्या भांड्यात दुसऱ्या बाजूला अळंबीचा सौम्य रस्सा सांगितला की कमळकाकडी, बटाटा, तोफूचे पापुद्रे आणि पालेभाज्या यांवर उत्तम जेवण होते. तिळाचे तेल आणि ठेचलेला लसूण यांची वाटी चवीसाठी असतेच, शिवाय तिच्यात बुडवलेला घास थोडा निवतो.

पैशांची व्यवस्था निघण्यापूर्वीच करावी. बहुतेक ठिकाणी टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करूनच ऑर्डर आणि पैसे दिले जातात. अलीपे किंवा वीचॅट या चिनी अ‍ॅपना परदेशी कार्ड जोडता येते, पण ओळख पडताळणीला वेळ लागतो. गूगल मॅप्स तेथे सहसा चालत नाही, म्हणून ठिकाणांची नावे आणि पत्ते चिनी लिपीत जपून ठेवावेत.

तिसऱ्या दिवशी विमान तियानफू विमानतळावरून असेल, तर तो शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे हे धरून सकाळीच हलके खाऊन निघावे. रस्त्यावर लहानशा पितळी तव्यात भाजून अर्धवर्तुळात दुमडलेला दान होंग गाओ हा अंड्याच्या पिठाचा छोटा केक त्यासाठी पुरेसा आहे. चेंगदूच्या पीशियान भागातली, मिरची आणि बाकला शेंगांच्या दाण्यांची आंबवलेली चटणी घरी न्यायची असल्यास ती हातातल्या पिशवीत ठेवू नये. सुरक्षा तपासणीत ती अडकते, म्हणून ती चेक-इनच्या सामानातच भरावी.