कशावरून?

[पडद्यावर: स्टीलचा पेला, आत बर्फाचं पाणी. बाहेरच्या बाजूने एक थेंब ओघळतो. मागे फक्त वर्गाचा आवाज.]

ऑगस्ट महिना. सहावीचा वर्ग, सामान्य विज्ञानाचा तास. पेला कोरड्या फडक्याने पुसून ठेवला होता. दोन मिनिटांत तो बाहेरून ओला झाला. बाई एवढंच विचारतात, "हे पाणी आलं कुठून?"

उत्तर पुस्तकात आहे. हवेतल्या बाष्पाचं गार पृष्ठभागावर पाणी होतं, त्याला संघनन म्हणतात. (भूगोलात त्यालाच सांद्रीभवन म्हणतात, आणि बऱ्याच मुलांना ते दोन वेगळे धडे वाटतात.) हे वाक्य फळ्यावर लिहून, वहीत उतरवून घेतलं की दहा मिनिटांत विषय संपतो. परीक्षेत मुलं 'संघनन' अगदी शुद्धलेखनासकट बरोबर लिहितात. महिन्याभराने त्याच मुलांना पेल्यासमोर बसवा आणि परीक्षेचं नाव काढू नका. मग खरी उत्तरं बाहेर येतात.

[मुलांचे आवाज एकावर एक: "झिरपलं!" "सांडलं असेल." "पेल्याला घाम आला, बाई."]

ही तीन उत्तरं जवळपास प्रत्येक वर्गात येतात. त्यांतलं पहिलं नीट ऐकण्यासारखं आहे. पाणी भांड्यातून झिरपतं हे या मुलांनी घरी रोज पाहिलेलं असतं. माठ बाहेरून ओला असतो तो झिरपण्यामुळेच. म्हणजे 'झिरपलं' म्हणणारं मूल एका भांड्याचा अनुभव दुसऱ्या भांड्याला लावतंय. उत्तर चुकलं असलं तरी विचार चालू आहे. "चूक! बस खाली" म्हटलं की तो तिथेच थांबतो. पुढच्या वेळी ते मूल बाईंच्या मनात काय आहे एवढंच ओळखायला बघतं.

[दृश्य: शिक्षक खोली. टेबलावर साहित्य मांडलेलं.]

मुलांनी स्वतःच उत्तर शोधायचं, असा तास तयारीशिवाय उभा राहत नाही. छत्तीस मुलं असतील तर चार-चारांचे नऊ गट. प्रत्येक गटाला एक स्टीलचा पेला, एक ताटली, पेल्यावर बसेल असं झाकण, कोरडं सुती फडकं आणि पाच-सहा बर्फाचे तुकडे. दीड-दोन किलो बर्फ पुरतो. तो डब्यात घालून जाड गोधडीत गुंडाळला की तिसऱ्या तासापर्यंत टिकतो. अख्ख्या वर्गात एकच, पण 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा लहान डिजिटल काटा हवा. स्वयंपाकघरातला काटा चालत नाही, आणि का चालत नाही ते पुढे दिसेलच.

गट चारचाच ठेवायचा. सहाचा केला की दोघं नुसती बघत बसतात. चौघांची कामं ठरलेली: एक हाताळतो, एक नोंद करतो, एक गटाचं म्हणणं वर्गापुढे मांडतो. चौथ्याचं काम खोड काढण्याचं. गट जे ठरवेल त्यावर "पण समजा…" म्हणून शंका उभी करायची. मोकळं सोडलं तर मुलगे पेला पकडतात आणि अक्षर चांगलं म्हणून वही मुलींकडे जाते. त्यामुळे कामं दर तासाला बदलायची, आणि ती बदलल्याची खूण भिंतीवरच्या तक्त्यावर करायची.

[दृश्य: फळा. तीन रकाने आखले जातात.]

काय दिसलं. काय वाटतं. कशावरून.

पहिल्या दोन रकान्यांतच निम्मी लढाई होते. 'काय दिसलं'खाली गट लिहितो, "पाणी झिरपलं." बाई विचारतात, "झिरपताना कुणी पाहिलं?" वर्ग गप्प. दिसले ते बाहेरच्या बाजूचे थेंब. पाण्याच्या पातळीपर्यंत दाट, वर जवळपास नाहीत. झिरपणं हा अंदाज आहे, तो दुसऱ्या रकान्यात जातो. हा फरक व्याख्या सांगून कळत नाही. वाक्य एका रकान्यातून पुसून दुसऱ्यात लिहिताना तो मुलांना कळतो. वर्तमानपत्रातली बातमी आणि त्याखालचं मत वेगळं काढायची वेळ येईल तेव्हा हेच रकाने उपयोगी पडतात.

बोलण्याआधी लिहायचं. प्रत्येकाने एकट्याने, दोन मिनिटं, स्वतःच्या वहीत. मग शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, मग गटात, मग वर्गात. ही दोन मिनिटं गाळली तर वर्गातला हुशार समजला जाणारा मुलगा पहिलं उत्तर देतो आणि उरलेले पस्तीस जण त्याच्या मागे जातात. वहीत आधी लिहिलेलं असलं की माघार घ्यायलाही कारण द्यावं लागतं.

[दृश्य: बाई प्रश्न विचारतात. कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांवर स्थिर. तीन सेकंद कुणीच बोलत नाही.]

ही शांतता मुद्दाम ठेवलेली आहे. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती ऐकल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. मग तेच बोलत, नाहीतर दुसऱ्याकडे वळत. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तेव्हा उत्तरं लांबली, बोलणारी मुलं वाढली, गप्प बसणं कमी झालं. आणखी एक जागा त्यांनी दाखवली. मुलाचं उत्तर संपल्यानंतरही थांबायचं. "म्हणजे…" म्हणत मूल दुसरं वाक्य जोडतं ते याच जागेत. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण फळ्यापाशी उभं राहिल्यावर ते फार लांबतात. सवय होईपर्यंत पाठीमागे हाताची बोटं मोजावीत.

मोडायला सर्वांत अवघड सवय मात्र दुसरीच आहे.

[आवाज: "समजलं का?" — "होऽऽऽ बाई!"]

या होकाराला काही अर्थ नसतो, हे बाईंना माहीत असतं आणि मुलांनाही. अर्धं वाक्य सोडून वर्गाकडून पुरं करून घेणं, "म्हणजे हवेत काय असतं? बा…" "बाष्प!", हाही त्याच जातीचा प्रकार. आणि "शाब्बास!" हासुद्धा. बरोबर उत्तराला शाब्बास मिळाली की बाकीच्यांची चर्चा संपते, कारण निकाल लागलेला असतो. त्याऐवजी बरोबर आणि चूक, दोन्ही उत्तरांना एकाच सुरात एकच प्रश्न विचारायचा: "कशावरून?" तो फक्त चुकीच्या उत्तराला विचारला तर आठवड्याभरात मुलं ओळखतात की 'कशावरून' म्हणजे आपलं चुकलं.

सोबतीला आणखी दोन-तीन वाक्यं पुरतात. "तिचं म्हणणं तुझ्या शब्दांत सांग, मग तुझं सांग." "वेगळं कुणाला वाटतंय?" आणि सर्वांत कामाचं: "हे खोटं ठरवायचं असेल तर काय करून बघावं लागेल?"

[दृश्य: लाल पाण्याचा पेला. बाहेरून पांढरा कागद फिरवला जातो. कागद ओला, पण पांढराच.]

पाण्यात खायचा लाल रंग घालून पाहू, असं एक गट सुचवतो. थेंब रंगहीन निघतात. झिरपण्याचा मुद्दा संपला, असं मोठ्यांना वाटतं. पण खोड काढणारा मुलगा उठतो: "रंग आत अडकला असेल. गाळणीत चहापत्ती अडकते तसा." हा आक्षेप हसण्यावारी न्यायचा नाही, कारण तो चोख आहे. रंगाच्या प्रयोगाने प्रश्न सुटत नाही. याच ठिकाणी पुष्कळ शिक्षक घाई करतात आणि "अरे, स्टीलला भोकं नसतात" असं सांगून टाकतात. सांगितलं की शोध संपला.

दुसरा गट कोमट पाण्याचा पेला शेजारी ठेवतो. तो कोरडाच राहतो. झिरपायचं तर यातूनही झिरपायला हवं होतं. यावरही उत्तर तयार असतं: गारव्याने स्टीलला बारीक चिरा पडत असतील. मग पाणी आत नसलेली एखादी गार वस्तूच घ्यायची. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप आणायचं, पुसून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचं, अर्धा तास बर्फात पुरायचं. पिशवी लागतेच, नाहीतर "बर्फाचं पाणी लागलं" हा आक्षेप येतो, आणि योग्यच येतो. पिशवी बाहेरून पुसून माप काढलं की क्षणात त्यावर धुकं धरतं आणि मग थेंब जमतात. रिकामा पेला गार करून हे जमत नाही. पातळ पत्रा लगेच तापतो आणि थेंब मुलांनी बघेपर्यंत उडून जातात.

[दृश्य: काटा. पेला, झाकण आणि ताटली एकत्र ठेवलेली.]

आता वजन. काटा सुरू करण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा. पाणी आतून बाहेर आलं असेल तर एकूण वजन तेवढंच राहील. हवेतून आलं असेल तर वाढेल. बर्फ टाकून, झाकण लावून, बाहेरून पुसून पहिलं वजन, आणि दहा मिनिटांनी दुसरं.

हा प्रयोग फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. पावसाळी हवेत दहा मिनिटांत जमणारं पाणी जेमतेम अर्धा-एक ग्रॅम भरतं. स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पायरीने चालतो, तो बऱ्याचदा हलतच नाही. मग वर्ग छातीठोकपणे म्हणतो, "वजन वाढलं नाही, म्हणजे झिरपलंच!" त्या काट्यावरचा आकडा पाहून तसं वाटणं साहजिकही असतं. दुसरं, ओघळलेले थेंब टेबलावर गेले की तेवढं वजन हरवतं, म्हणून ताटली पहिल्यापासून काट्यावर. तिसरं, ओले हात. चौथं, पंखा चालू असला की आकडा नाचतो. आणि हवामान. कोकणात जुलैत बर्फ नसला तरी गार पाण्याने पेला ओला होतो. विदर्भात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की बर्फ घालूनही पेला बराच वेळ कोरडाच दिसू शकतो. तसं झालं तर तास वाया गेला असं समजू नये. "पावसाळ्यात थेंब आले, आज का नाहीत?" हा मूळ प्रश्नापेक्षा सरस प्रश्न आहे.

हात वर करून मत मोजायचं ते फक्त सुरुवातीला आणि शेवटी, कोण कुठून कुठे सरकलं हे कळण्यासाठी. निकाल मतदानाने लावायचा नाही.

[दृश्य: होशंगाबाद परिसर. नर्मदेचा घाट, रेल्वे स्थानकाची जुनी पाटी.]

असे तास एखाद्या हौशी शिक्षकापुरतेच असतात का? मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये, आजच्या नर्मदापुरममध्ये, 1972 साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी ते काम उभं केलं. पुढे 1982 मध्ये स्थापन झालेल्या 'एकलव्य'ने ते सांभाळलं. कार्यक्रम हजारभर शाळांपर्यंत पोचला. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत प्रश्न आणि प्रयोग असत, तयार उत्तरं नसत. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. त्यातली उघड्या पुस्तकाची परीक्षा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पेपरात 'संघनन म्हणजे काय?' एवढंच येणार असेल तर बर्फ आणायचा खटाटोप कोण करेल?

[दृश्य: आकारिक मूल्यमापनाची नोंदवही.]

आपल्याकडे प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकांनी लिहायच्या वर्णनात्मक नोंदी आहेत. त्यांत पानापानावर एकच वाक्य सापडतं, "चर्चेत सहभाग घेतो." त्याऐवजी काय लिहिता येईल? "वजनाचा आकडा पाहून मत बदललं, कारण सांगितलं." "रंगाच्या प्रयोगातली त्रुटी दाखवली." एका तासात चार-पाचच मुलांचं नीट ऐकायचं आणि तेवढ्याच नोंदी करायच्या. आठ-नऊ तासांत वर्ग पुरा होतो.

एक तक्रार घरून येते. मूल आजीला तोंडावर "कशावरून?" म्हणतं आणि ते उर्मट वाटतं. वाटणारच, तो शब्द बरोबरीच्यांत चालतो. म्हणून वर्गात त्याचं दुसरं रूपही शिकवावं: "आजी, तुला हे कसं कळलं गं?" प्रश्न तोच राहतो, आणि आजी उत्तर द्यायला बसते.

[दृश्य: दुसरा दिवस. टेबलावर संक्रांतीचं सुगड, रात्रभर पाण्यात भिजवलेलं.]

झिरपण्याचं उत्तर देणारा गट आज घरून सुगड घेऊन आला आहे. ते बिनरंगाचं लागतं, ऑइलपेंट दिलेलं झिरपत नाही. भिजवलेलं असावं, नाहीतर सुरुवातीला मातीच पाणी पिते. आत साधं पाणी, तोंडावर प्लास्टिक आणि रबरबँड, कारण "वरून उडालं असेल" हा आक्षेप मुलांनी आधीच काढून ठेवलाय. सुगड बाहेरून ओलं आहे, कालच्या पेल्यासारखंच. वहीत वजनाचे अंदाज लिहून झाले आहेत: वाढेल सतरा, तेवढंच राहील सहा, घटेल तेरा.

[काटा जवळून: 312.4. दृश्य विरतं. अर्ध्या तासानंतर: 311.6.]

खोड काढणाऱ्या मुलीचा हात वर आहे. बाई थांबल्या आहेत.