आसाकावांचं पत्र

नमस्कार श्रोतेहो. आज आसाकावा कानइची या इतिहासकाराविषयी सांगणार आहे.

जन्म १८७३चा, जपानमधल्या निहोनमात्सुचा, सामुराई घराण्यातला. टोकियोत शिकून ते अमेरिकेला गेले आणि १९०२ साली येल विद्यापीठाचे डॉक्टर झाले. विषय, सातव्या शतकातल्या जपानची राज्यव्यवस्था. पुढे येलमध्ये त्यांनी अध्यापन केलं आणि तिथला जपानी ग्रंथसंग्रहही सांभाळला. ग्रंथपालाला आपल्याकडे पुस्तकं देणारा-घेणारा समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. अहो, मुळात संग्रहच नसेल तर इतिहास लिहायचा कशावरून? आसाकावा १९०६मध्ये मुद्दाम जपानला गेले आणि हजारो ग्रंथ जमवून आणले. दक्षिण जपानमधल्या सात्सुमा प्रांतातल्या इरिकी घराण्याचं जुनं दप्तर इंग्रजीत आणून १९२९मध्ये त्यांनी ते छापलं. युरोपातली आणि जपानची सरंजामशाही शेजारी ठेवून बघता आली, ती त्यामुळे.

आता त्या पत्राची हकिकत.

१९०९ साली आसाकावांनी जपानी वाचकांसाठी एक पुस्तक लिहिलं. मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्य भागात, असेच हातपाय पसरत राहिलात तर एक दिवस अमेरिकेशी गाठ पडेल, असं त्यांनी स्वतःच्या देशाला बजावलं. लक्षात घ्या, १९०९ साली! जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नाविक तळावर हल्ला केला, त्याच्या बत्तीस वर्षं आधी.

कुणी ऐकलं नाही. १९४१चा नोव्हेंबर उजाडला, युद्ध दाराशी आलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी थेट जपानच्या सम्राटाला पत्र लिहावं, अशी खटपट हार्वर्डचे कलाभ्यासक लँग्डन वॉर्नर करत होते. पत्राचा मसुदा आसाकावांनी लिहिला. सम्राटाशी कोणत्या शब्दांत बोलायचं, हे जपानचा इतिहास आयुष्यभर वाचलेल्या माणसाला ठाऊक होतं. वॉर्नर मसुदा घेऊन वॉशिंग्टनला गेले. ६ डिसेंबरला रूझवेल्टची तार निघाली. मजकूर मात्र आसाकावांचा नव्हता, वेगळाच होता. आणि ती तारही टोकियोत सुमारे दहा तास अडवून ठेवली गेली. दहा तास, श्रोतेहो! परराष्ट्रमंत्री तोगो ती घेऊन राजवाड्यात पोचले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते, आणि काही मिनिटांतच पर्ल हार्बरवर बॉम्ब पडू लागले.

आसाकावा येलमध्येच राहिले. प्राध्यापकपद त्यांना १९३७ साली, चौसष्टीच्या उंबरठ्यावर मिळालं होतं. १९४२मध्ये ते निवृत्त झाले आणि १९४८च्या ऑगस्टमध्ये व्हरमाँटला वारले.