भिंती नसलेलं घर

नमस्कार श्रोतेहो.

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर जुन्या धाटणीच्या घराला ‘फाले’ म्हणतात. लाकडी खांब, वर छप्पर, आणि भिंती? नाहीतच. पाऊस आला की झावळ्यांचे विणलेले पडदे खाली सोडायचे. आजी, मावश्या, पाच-सहा पोरं ओळीनं झोपली तरी वारा खेळता राहतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर सामोआ, टोंगा अशा बेटांवरली माणसं कारखान्यांत कामाला न्यूझीलंडला गेली. बरीचशी तिथल्या ऑकलंड शहरात राहिली. गोतावळा तोच, घर मात्र बंद आणि ओलसर. हिवाळ्यात हीटर परवडतो एकाच खोलीपुरता, म्हणून सगळ्यांची अंथरुणं त्याच खोलीत. भिंतीवर काळी बुरशी. चाळीत दहा बाय दहात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अशा खोलीत एकाचा घसा धरला की स्ट्रेप्टोकोकस हा जंतू शेजारच्या उशीवर पोचतो. घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो; आज गुडघा सुजतो, उद्या घोटा. जंतूविरुद्ध उठलेली शरीराची फौज आपल्याच हृदयाच्या झडपांवर उलटते. हा संधिवाताचा ताप, बहुधा 5 ते 14 या वयातला. न्यूझीलंडमध्ये तो आता जवळजवळ फक्त माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, आणि पॅसिफिक, म्हणजे या बेटांवरून आलेल्यांच्या मुलांत दिसतो. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘त्यांच्या रक्तातच असेल.’ मला हे पटत नाही. युरोपच्या गरीब वस्त्यांतही हाच आजार होता. राहणीमान सुधारलं तसा तो पेनिसिलिन येण्याआधीच ओसरू लागला होता.

झडपा आणखी बिघडू नयेत म्हणून दर 28 दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निदान 10 वर्षं. म्हणजे सव्वाशेच्या वर सुया, आणि तेही दुखरं औषध. शाळेत असेपर्यंत नर्स मागे लागून देते. पुढे नोकरी लागते, घर बदलतं, तारखा चुकतात. मग मुलीला बाविशीत दिवस जातात. गरोदरपणात रक्त जवळपास दीडपट होतं, आकसलेल्या झडपेला ते पेलत नाही, आणि जिना चढताना धाप लागते. आपल्याकडेही कितीतरी बायकांना झडपेचं दुखणं पहिल्या बाळंतपणातच कळतं.

2013 पासून तिथं सरकारनं एक योजना चालवली आहे. अशा कुटुंबांना औषधाच्या जोडीनं पलंग, गाद्या, जाड पडदे मिळवून द्यायचे. दवाखान्यानं पलंगाची सोय करावी, हे मला फार आवडलं.

पलंग दुसऱ्या खोलीत लागतोही. पण जुलैच्या थंडीत (तिकडे तेव्हा हिवाळा असतो) तिथं दुसरा हीटर लावायचा की पोरांना पुन्हा आपल्याच खोलीत बोलवायचं, हे आई विजेचं बिल आठवून ठरवते.