होलोग्राफिक साइट घेण्याआधी

(ठाण्यात नेमबाज आणि त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, गेल्या आठवड्यात नौपाड्यातला एक मुलगा खोकं घेऊन माझ्याकडे आला. एअर रायफलवर लावायला त्याने साइट, म्हणजे नेम धरायचं उपकरण, ऑनलाइन मागवली होती. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘होलोग्राफिक’ असं छापलेलं. मी ती सुरू केली, काचेतून पाहिलं आणि त्याला सांगितलं, बाळा, ही होलोग्राफिक नाही. त्याचा चेहरा पडला. शिकवण्या घेऊन साठवलेले पैसे होते ते. आजचा विषय मी त्याच्यामुळेच घेतला.

त्याच्या हातात होती ती रिफ्लेक्स साइट, म्हणजे आपण जिला रेड डॉट म्हणतो ती. आत एक बारीक एलईडी असतो, समोर वक्र काच, काचेवर पातळ थर. तो थर लाल प्रकाश तेवढा डोळ्याकडे परत पाठवतो आणि बाकीचं दृश्य आरपार येऊ देतो. ही कल्पना हॉवर्ड ग्रब या आयरिश माणसाची, 1900 सालची. बॅटरीवरची पहिली रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 मध्ये आणली. चांगली रेड डॉट उत्तमच असते. तिला दुसऱ्याच नावाने विकणं मात्र मला मान्य नाही.

खऱ्या होलोग्राफिक साइटमध्ये काय असतं? डेनिस गाबोर यांनी 1947 मध्ये होलोग्राफीची, म्हणजे वस्तूकडून येणारा प्रकाशच नोंदून ठेवण्याची कल्पना मांडली, पण तिला लागणारा प्रकाश तेव्हा जगात नव्हता. लेझर 1960 मध्ये आला. 1962 च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपाटनिक्स यांनी लेझर वापरून स्वच्छ होलोग्राम काढून दाखवले, आणि 1971 मध्ये गाबोर यांना नोबेल मिळालं. त्याच मिशिगनमधल्या ॲन आर्बरला इओटेक ही कंपनी उभी राहिली. पहिली होलोग्राफिक साइट बाजारात आली ती 1996 मध्ये.

आता हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत इथेच आहे. साइटच्या काचांच्या मध्ये एक फिल्म असते आणि तिच्यात वर्तुळ व ठिपका यांचं नुसतं चित्र नसतं, तिथून निघणारा प्रकाशच नोंदलेला असतो. लेझर डायोडने ती फिल्म उजळली की ठिपका काचेवर न दिसता लांब, लक्ष्याच्या बाजूला तरंगताना दिसतो. घराच्या खिडकीतून बाहेरचं झाड दिसतं ना, तसं. अर्धी खिडकी पडद्याने झाकली तरी उरलेल्या अर्ध्यातून झाड दिसतंच. होलोग्रामच्या प्रत्येक तुकड्यात सगळी आकृती असते, म्हणून काचेवर चिखल उडाला, एक कोपरा फुटला, तरी उरलेल्या भागातून नेम धरता येतो. पोलिसांच्या आणि लष्करी पथकांना या साइटचं मोल वाटतं त्यात हे एक कारण आहे.

मग दुकानात ओळखायचं कसं? आधी बॅटरी विचारा. लेझरला वीज जास्त लागते, त्यामुळे होलोग्राफिक साइट एका बॅटरीवर शेकडो तास, फार तर दोन-अडीच हजार तास चालते. नावाजलेली रेड डॉट 50,000 तासही चालते. ‘होलोग्राफिक’ लिहिलेल्या खोक्यावर चपटी बटण-बॅटरी आणि दहा-वीस हजार तासांचा दावा दिसला, तर खोकं खाली ठेवा. दुसरी खूण म्हणजे आकृतीचा पोत. लेझरची आकृती जवळून पाहिली तर रवाळ दिसते. तो दोष नाही, तो लेझरचा स्वभाव आहे.

आता पालकांसाठी. कोनाच्या एका मिनिटाला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, नेमबाज एमओए म्हणतात. 100 मीटरवर तो सुमारे 29 मिलिमीटर होतो. या साइट्समध्ये मधला ठिपका बहुधा 1 मिनिटाचा आणि बाहेरचं वर्तुळ 65 ते 68 मिनिटांचं असतं. म्हणजे 100 मीटरवर ते वर्तुळ उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत कवेत घेतं. ही रचना दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन नेम लावण्यासाठी आहे. आता 10 मीटर एअर रायफलचा कागद आठवा. त्यातला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. तिथे 1 मिनिटाचा लाल ठिपका 2.9 मिलिमीटर जागा झाकतो, दहाच्या जवळजवळ सहापट! शिवाय ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत अशी साइट चालतच नाही. तिथे मागे बारीक भोक आणि पुढे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण; तिला पीप साइट म्हणतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक अशाच साइटवर मिळवलं. मुलीला स्पर्धेत उतरवायचं असेल, तर हे पैसे पेलेट्स आणि सरावावर घाला.

डोळ्यांचं सांगायलाच हवं, कारण साइट निवडताना हेच सगळ्यांत कमी विचारलं जातं. माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे, म्हणजे दृष्टिवैषम्य. चष्मा काढला की रेड डॉट मला स्वल्पविरामासारखी दिसते, ठिपक्याला शेपूट फुटतं. कित्येक जण यावरून साइट खराब म्हणून परत करतात. तसं वाटलं तर साइट स्थिर ठेवून फोनने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला, तर दोष डोळ्याचा. होलोग्राफिकमध्ये अशा डोळ्यांना आकृती बऱ्याचदा जास्त नीट दिसते, पण सगळ्यांना नाही. म्हणून स्वतःच्या डोळ्याने पाहिल्याशिवाय एवढी महाग वस्तू घेऊ नका.

आणि आपली हवा. तापमान बदललं की लेझरची तरंगलांबी थोडी सरकते, आणि तरंगलांबी सरकली की होलोग्राममधून येणाऱ्या प्रकाशाचा कोनही बदलतो. ते आतल्या आत सावरून घेणं हे या साइटमधलं सगळ्यांत अवघड काम. 2015 मध्ये थंडीत आणि दमट हवेत साइट्स दाव्याप्रमाणे चालत नाहीत या तक्रारीवरून इओटेकच्या मूळ कंपनीने, एल-3 ने, अमेरिकी सरकारशी 2.56 कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यानंतर सुधारणा झाल्या. तरी मे महिन्यात घोडबंदर रोडला उन्हात उभ्या गाडीत साइट ठेवू नका, आणि नंतर नेम पुन्हा तपासल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. पावसाळ्यात इथे भिंगांना बुरशी धरते. डब्यात सिलिका जेल ठेवा, बॅटरी काढून ठेवा.

त्या मुलाची रायफल स्प्रिंगची होती. स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, आणि तो न सोसणाऱ्या साइट्स त्यात खिळखिळ्या होतात. परत करायची मुदत शिल्लक होती, त्याने ती साइट परत केली. सध्या तो माशीवरच सराव करतोय.

शेवटी एका ताईंनी विचारलं, माझ्या मुलाला चष्मा आहे, त्याला कुठली साइट घेऊ? ताई, त्याला आधी ओळखीच्या नेमबाजाकडे किंवा क्लबमध्ये घेऊन जा. रायफल रिकामी असल्याची खात्री तिथल्या प्रशिक्षकांना करू द्या, मग दोन-तीन साइट्समधून त्याला पाहू द्या, चष्मा घालूनच. आणि फोन सोबत न्या, फोटो काढायला.