तीन नातवंडे आणि एक जनुक

१९९४ साली अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात राहणाऱ्या एका अस्थिरोगतज्ज्ञाच्या चार मुलांपैकी तिघांना नीमन-पिक टाइप सी हा आजार असल्याचे निदान झाले. या मुलांचे आजोबा आरा पार्सेगियन हे नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाला १९६६ आणि १९७३ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक. कुटुंबाने त्याच वर्षी संशोधनासाठी निधी उभारणारे प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्याला आजोबांचे नाव दिले.

आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. या घरात चौघांपैकी तिघांवर तेच दान पडले. आजारी मुलाच्या शरीरातली एखादी पेशी घ्या. तिच्यातल्या लायसोसोममधून, म्हणजे टाकाऊ पदार्थांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांमधून, कोलेस्टेरॉल बाहेर पडू शकत नाही, ते साठत जाते आणि मेंदूतल्या पेशी हळूहळू मरू लागतात. सुरुवातीची लक्षणे किरकोळ वाटतात: अक्षर बिघडते, चालताना तोल जातो, डोळे वर-खाली फिरवणे जमत नाही. काही मुले तर खळखळून हसता हसता अंगातले त्राण जाऊन कोसळतात. पुढे बोलणे आणि गिळणेही अवघड होते.

लाखभर जन्मांमागे एखाद्याच मुलाला होणारा आजार औषध कंपन्यांच्या हिशेबात सहसा बसत नाही. प्रतिष्ठानाने प्रयोगशाळांना अनुदाने दिली आणि एरवी आपापल्या विषयात गुंतलेल्या संशोधकांना परिषदांच्या निमित्ताने एकत्र बसवले. आमच्या मते हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे होते. जुलै १९९७ मध्ये आजाराचे मुख्य जनुक सापडल्याचे जाहीर झाले. धाकटा नातू त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता. दोन्ही नाती २००१ आणि २००५ साली गेल्या.

या जनुकाचा धागा पुढे कुठवर जाईल, हे तेव्हा कुणालाही सांगता आले नसते. इबोला विषाणूला पेशीत शिरकाव करण्यासाठी नेमके याच जनुकापासून बनणारे प्रथिन लागते, असे २०११ साली आढळले. नीमन-पिकच्या रुग्णांच्या पेशींना प्रयोगशाळेत इबोलाची लागण होईना.

युरोपात २००९ साली मिग्लुस्टॅट या औषधाला मान्यता मिळाली. अमेरिकेत मात्र सप्टेंबर २०२४ उजाडावा लागला, आणि मग चार दिवसांच्या अंतराने अ‍ॅरिमोक्लोमॉल व लेव्हासेटिलल्युसीन ही दोन औषधे मंजूर झाली. आजार यांपैकी कशानेही पुरता बरा होत नाही. आरा २०१७ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या निधीचे काम आता नोटर डेम विद्यापीठातून चालते.