फेरो बेटांचं एक मत

नमस्कार श्रोतेहो.

फिफाच्या, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाच्या, सभेत भारताला एक मत असतं. ब्राझीलला एक, जर्मनीला एक. आणि उत्तर अटलांटिकमध्ये, स्कॉटलंड आणि आइसलँडच्या मधोमध असलेल्या फेरो बेटांनाही एकच. बेटं 18, आणि सगळ्या बेटांची मिळून वस्ती 55 हजारांच्या आसपास. आपलं चिपळूण शहर जेवढं, तेवढा त्यांचा अख्खा मुलूख. तो डेन्मार्कच्या राजाच्या छत्राखाली आहे. संसद स्वतःची, भाषा स्वतःची, झेंडाही स्वतःचा. तरी ऑलिंपिकला जायचं तर डेन्मार्कच्या संघातून. फुटबॉलच्या मैदानावर मात्र त्यांचाच झेंडा फडकतो. तो कसा, आणि तो फडकत ठेवायला तिथल्या फुटबॉल संघटनेला काय काय उठाठेव करावी लागते, त्याबद्दल आज बोलू या.

फुटबॉल तिथे जुना आहे. त्वोरोयरी गावचा क्लब 1892 चा. लीग 1942 पासून सुरू आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं, बेटांवर ब्रिटिश फौज होती, आणि 1944 साली लीग भरलीच नाही. कारण? खेळायला चेंडूच मिळेनात! संघटना मात्र बरीच उशिरा, 1979 मध्ये उभी राहिली. 1988 मध्ये फिफाने आणि 1990 मध्ये युएफाने, म्हणजे युरोपच्या महासंघाने, त्यांना सदस्य करून घेतलं.

वेळ अगदी अचूक साधली, असंच म्हणावं लागेल. पुढे युएफाने नियम कडक केले आणि नव्या सदस्याला संयुक्त राष्ट्रांची मान्यता असलेलं स्वतंत्र राष्ट्र असण्याची अट घातली. फेरोसारखंच डेन्मार्कच्या छत्राखाली असलेलं ग्रीनलँड म्हणून तर युरोपात शिरू शकलं नाही. त्यांनी उत्तर अमेरिकेच्या महासंघाचं दार ठोठावलं, आणि तिथूनही 2025 च्या जूनमध्ये नकार आला.

सदस्यत्व मिळालं, पण फेरोकडे मैदान नव्हतं. म्हणजे मैदानं होती, पण मातीची, वाळूची नाहीतर कृत्रिम. तेव्हा आंतरराष्ट्रीय सामन्याला खरं गवत लागायचं, आणि त्या खडकाळ, वाऱ्याने झोडपलेल्या बेटांवर तसं गवताचं मैदान एकही नव्हतं. मग युरो या युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीतला पहिला 'घरचा' सामना झाला स्वीडनमधल्या लँड्सक्रोना गावात. तारीख 12 सप्टेंबर 1990. समोर ऑस्ट्रिया, त्याच उन्हाळ्यात इटलीत विश्वचषक खेळून आलेला संघ. फेरोच्या गोलपोस्टमध्ये येन्स मार्टिन क्नुडसेन, डोक्यावर गोंड्याची लोकरी टोपी घालून. पोटापाण्यासाठी तो फोर्कलिफ्ट चालवायचा. सामन्यातला एकमेव गोल केला तोर्किल निल्सनने. हा इमारती लाकडाच्या व्यापारात विक्रेता, आणि वर बुद्धिबळातला तिथला नामांकित खेळाडू. एक-शून्य! ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाला पद सोडावं लागलं.

अशा विजयाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. पण मला त्यामागचं कारकुनी काम जास्त मोलाचं वाटतं. पुढे टॉफ्टीर गावच्या डोंगरावर, जिथे खडक फोडून मैदानाला जागा केली होती, तिथे गवत आलं आणि आंतरराष्ट्रीय सामने बेटांवर होऊ लागले. मग राजधानी टोर्सहावनमध्ये राष्ट्रीय स्टेडियम झालं. बसायला जागा किती, तर साधारण 5 हजार. म्हणजे देशातला दर अकरावा माणूस त्यात मावतो! आणि गंमत बघा, ज्या गवतापायी स्वीडनला जावं लागलं, ते आज तिथे जवळपास नाहीसंच झालंय. नियम सैल झाले, कृत्रिम हिरवळ सुधारली, आणि आता राष्ट्रीय स्टेडियमसुद्धा कृत्रिम हिरवळीचंच आहे. त्या पावसात ते शहाणपणाचंच म्हणायचं.

पैसा कुठून येतो? तिकीटविक्रीतून तर नक्कीच नाही. फिफाची 'फॉरवर्ड' नावाची योजना आहे. 2023 ते 2026 या चार वर्षांत प्रत्येक सदस्य संघटनेला 80 लाख डॉलरपर्यंत मदत मिळू शकते. त्यातले 50 लाख रोजच्या कारभाराला आणि 30 लाख प्रकल्पांना. त्याशिवाय युएफा युरो स्पर्धेच्या कमाईतून वाटा देते, तो वेगळा. बड्या देशांच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे दर्या में खसखस. पण 55 हजारांच्या मुलखात तेवढ्यात मैदानं होतात, प्रशिक्षकांचे पगार निघतात, मुलींचे संघ उभे राहतात.

आता कुणी विचारेल, एवढ्याशा बेटाला जर्मनीइतकंच मत, हा कुठला न्याय? शंका रास्त आहे. कारण हेच मत विकतही घेता येतं. 2011 च्या मे महिन्यात, फिफाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, त्रिनिदादमधल्या एका हॉटेलात कॅरिबियन बेटांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी 40 हजार डॉलर रोख असलेली पाकिटं देण्यात आली. बहामाच्या प्रतिनिधीने नोटांचे फोटो काढून ठेवले, पैसे परत केले आणि प्रकरण बाहेर आलं. बेटं तिथलीही लहान, मतं तिथलीही एकेकच. त्यामुळे दोष मताच्या समानतेत आहे असं मला वाटत नाही. हिशेब विचारणारं कुणी असतं की नाही, तिथे खरी गोम आहे. टोर्सहावनमध्ये संघटनेचा अध्यक्ष दुकानात दूध आणायला गेला, तरी तिथे क्लबचा एखादा माणूस भेटणारच. त्याला तोंड चुकवायला जागा कुठे आहे?

आणि मोठ्या देशाचा कारभार चोख असतो, असंही काही नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन फिफाने आपल्या अखिल भारतीय महासंघालाच निलंबित केलं होतं. दहाएक दिवसांत ते उठलं, पण नाचक्की व्हायची ती झालीच.

फेरोच्या संघटनेचं रोजचं डोकेदुखीचं काम वेगळंच आहे. वारा सुटला की सामना पुढे ढकला. विमान धुक्यात अडकलं की पाहुण्या संघाची सोय बघा. देशातले खेळाडू बरेचसे नोकरी सांभाळून खेळणारे, त्यामुळे रजेचं गणित जमवा. पूर्वी बेटाबेटांमध्ये बोटीशिवाय गत्यंतर नसे. आता समुद्राखालून बोगदे झालेत, त्यातल्या एका बोगद्यात तर चक्क चौक आहे. छोट्या गावांतले क्लब एकमेकांत विलीन करणं हेही आलंच, कारण अकरा पोरं जमवताना नाकीनऊ येतात.

यशानेही नवे पेच उभे राहतात. 2023 मध्ये क्लाक्सविक गावचा केआय हा क्लब हंगेरीच्या फेरेन्त्सवारोशला त्यांच्याच घरी तीन-शून्य हरवून पुढे गेला आणि युरोपियन स्पर्धेच्या गटफेरीत पोहोचला. फेरोच्या कुठल्याही क्लबला त्याआधी हे जमलं नव्हतं. पण युरोपातून येणारा पैसा एकाच क्लबच्या तिजोरीत जाऊ लागला, तर दहा संघांची घरची लीग एकतर्फी व्हायला कितीसा वेळ लागतो?

राष्ट्रीय संघाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तर कहर केला. टोर्सहावनला आधी माँटेनेग्रोला चार-शून्य आणि तीन दिवसांनी चेक प्रजासत्ताकाला दोन-एक. विश्वचषकाचं स्वप्न नोव्हेंबरमध्ये क्रोएशियाने मोडलं, पण सामन्यात पहिला गोल फेरोचाच होता. पात्रता फेरीअखेर खात्यात 12 गुण.

तिथली लीग मार्च ते ऑक्टोबर चालते. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे संध्याकाळी पाचला सामना सुरू झाला, की आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटोपून बसायला सोयीची वेळ. नमस्कार.