तीस शिलिंगचा पाहुणा खेळाडू

नमस्कार मंडळी! आज बोलायचंय इंग्लंडच्या अशा फुटबॉलपटूंबद्दल ज्यांची नावं आपल्या कानावर कधी आलीच नाहीत. स्टार वगैरे नव्हेत, पोटासाठी खेळणारी माणसं, आज या क्लबकडून तर उद्या त्या.

1939 चा सीझन सुरू झाला, जेमतेम तीन मॅच झाल्या आणि 3 सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं. लीग बंद, करार रद्द. आधी चांगल्या खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड मिळायचे, ते गेले. मग आसपासच्या क्लबांचे सामने सुरू झाले पण पैसे किती, तर मॅचमागे तीस शिलिंग. तीस शिलिंग म्हणजे फक्त दीड पौंड! आणि बरेच जण सैन्यात गेलेले, त्यामुळे पद्धत अशी पडली की जिथे छावणी असेल तिथल्या क्लबकडून पाहुणा म्हणून खेळायचं.

आता तो किस्सा सांगतो, जो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 25 डिसेंबर 1940, ख्रिसमसचा दिवस, लंडनवर बॉम्ब पडतायत ते दिवस. नॉर्विचच्या मैदानावर ब्रायटनची टीम यायची होती. आली, पण किती जण आले? पाच! अहो अकराच्या खेळाला पाच माणसं! दुसरा कोणी म्हणाला असता मॅच रद्द, पण लोक सणाच्या दिवशी येऊन बसलेले. मग पंगतीला माणसं कमी पडली की शेजाऱ्यांना हाक मारतात ना, तशीच हाक मारली. नॉर्विचच्या राखीव खेळाडूंतले काही घेतले, मॅच बघायला आलेल्या सैनिकांतले काही घेतले, त्यांना ब्रायटनकडून उतरवलं आणि अकरा भरले. निकाल? नॉर्विच 18, ब्रायटन शून्य. अठरा-शून्य! पण मॅच झाली हो, पूर्ण झाली, आणि त्या पाच जणांचं मला फार कौतुक वाटतं. आपल्याकडे शाळेच्या मॅचमध्ये पोरगं हरलं की पालक मैदानावरच ओरडतात, ते मला अजिबात पटत नाही, हरणाऱ्या टीमलाही उभं राहावं लागतं तेव्हाच खेळ होतो.

त्याच दिवशी लेन शॅकल्टन नावाचा पोरगा सकाळी ब्रॅडफर्ड पार्क अ‍ॅव्हेन्यूकडून खेळला आणि दुपारी ब्रॅडफर्ड सिटीकडून. एका दिवसात दोन क्लब!

तर मुद्दा काय, ही सगळी वर्षं लीगच्या अधिकृत रेकॉर्डमध्ये धरतच नाहीत. 1939 च्या त्या तीन मॅचसुद्धा पुसल्या. लीग परत सुरू झाली ऑगस्ट 1946 मध्ये, म्हणजे जो 23 वर्षांचा होता तो तिशीला पोचला, आणि साध्या खेळाडूला तिशीत कोण विचारतो? ऐन उमेदीची सात वर्षं गेली आणि कागदावर त्यांची नोंदही नाही, हे मला फार लागतं.

नावाजलेलेही यातून सुटले नाहीत. आर्सेनलचा डेनिस कॉम्प्टन, जो फुटबॉलबरोबर क्रिकेटही खेळायचा, युद्धकाळात इंग्लंडकडून फुटबॉलच्या 12 मॅच खेळला, त्यातली अधिकृत एकही नाही. सैन्यातून तो हिंदुस्थानात आला, होळकर संघाकडून रणजी खेळला आणि मार्च 1945 मध्ये ब्रेबॉर्नवर मुंबईविरुद्धच्या फायनलमध्ये त्याने नाबाद 249 केले. मॅच जिंकली मुंबईनेच! तुमच्या घरात कोणी आजोबा-पणजोबांनी ती इनिंग बघितल्याचं सांगितलं असेल तर आम्हाला पत्र नक्की पाठवा, पुढच्या वेळी वाचून दाखवू.